वीस फुटांच्या आत

दिग्या,

तुझी लेन्स बघायला आजवर नऊ जण येऊन गेले. त्यातले दोघे तुला खांदा द्यायलाही होते, हे मी मान्य करतो. बाकीचे सात तिसऱ्या दिवसानंतर उगवले. अंगात ते चिखलाच्या रंगाचे कपडे, डोक्यावर तसलीच टोपी. मयताच्या घरी येतानासुद्धा हे लोक वाघाला दिसू नयेत अशा बेतानंच येतात. सतरंजीवर बसायचं, दोन मिनिटं मान खाली घालायची, 'सर फार मोठे माणूस होते' म्हणायचं, आणि मग घसा साफ करून वहिनीला विचारायचं, "फंगस वगैरे तर नाही ना लागली?"

सुनंदावहिनींना पहिल्या वेळी वाटलं, तुझ्याबद्दलच विचारतायत. त्या म्हणाल्या, "नाई, हार्टचं होतं."

नागपूरचा तुझा तो डॉक्टर मित्र तर खास गाडी करून आला. त्यानं लेन्स मांडीवर घेतली, पुढून फुंकर मारली, मागून डोळा लावला, खिशातला छोटा टॉर्च काढून आत उजेड पाडला. पेशंटला तो एवढं तपासत असेल असं मला वाटत नाही. मग त्यानं विचारलं, कंपनीची मूळ पेटी आहे का. वहिनी म्हणाल्या, "आहे न. गहू ठेवले तिच्यात." त्या माणसाचा चेहरा असा पडला की तुझ्या जाण्याची बातमी ऐकूनही पडला नसेल. या लोकांसोबत तू पंधरा वर्षं पहाटे उठून जंगलात गेलास. मी तुला तेव्हाही सांगत होतो. पण माझं सांगणं म्हणजे दुकानदाराचं सांगणं.

हो, दुकानदारच. बसस्टँडसमोर तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि मयताचे फोटो यावर माझं घर चाललं. तू शाळेत गणित शिकवायचास आणि सुट्टीच्या दिवशी टिपेश्वरच्या जंगलात जाऊन वाघांचे फोटो काढायचास. म्हणून तू कलावंत आणि मी दुकानदार, ही विभागणी तूच केली होतीस. मला 'मयताचा फोटोग्राफर' म्हणणारा या गावात तू पहिला. मीही तुझ्या लेन्सला तोफ म्हणायचो. वहिनी तिला पाहुणा म्हणायच्या. तुझ्या माघारी मला विचारायच्या, "पाहुणा निजला काय भाऊजी?"

तू गेलास त्या सकाळचा फोनसुद्धा पाहुण्याबद्दलच होता, हे तुला कळायला हवं. जिप्सीवाला लतीफभाई जंगलाच्या गेटवरून बोलत होता. पहाटेच्या फेरीसाठी गाड्या रांगेत होत्या, तू मागच्या सीटवर लेन्स मांडीवर घेऊन बसला होतास. लतीफभाई म्हणाला, "सुरेशभाऊ, सर गेले. लेन्स सेफ आहे, मी पकडून आहो." मी त्याला फार बोललो. मागाहून कळलं, मान टाकण्याआधी तू त्याला एवढंच म्हणाला होतास, "हे पकड." बायकोचं नाव नाही, पोरीचं नाही, देवाचं नाही. 'हे पकड.' पांढऱ्या रंगाचं, दुधाच्या कॅनएवढं, पाच किलोचं एक धूड. तेवढं तुला जड झालं होतं म्हणून म्हणालास, असं लतीफभाई म्हणतो. तो भला माणूस आहे.

ती लेन्स आणायला मीच तुझ्यासोबत हैदराबादला गेलतो, हे माझ्या आयुष्यातलं मोठं पाप. कंपनीनं ते मॉडेल बनवणं केव्हाच बंद केलं होतं आणि देशात अशा मोजक्याच आहेत, हे तू मला जाताना अख्ख्या रस्त्यानं ऐकवलंस. बायपासजवळचा प्लॉट तू त्यासाठी विकलास. तिथे वहिनींनी मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकी कुठं येणार तेही ठरवून ठेवलं होतं. येताना बसमध्ये तू तीन तिकिटं काढलीस. दोन आपली आणि एक तिचं. आदिलाबादला गाडी खच्चून भरली. एक म्हातारी तान्हं लेकरू घेऊन चढली. मी उठलो आणि तिला जागा दिली. तू लेन्सला उठवलं नाहीस. तिथून पांढरकवड्यापर्यंत मी दांड्याला लोंबकळत आलो आणि ती खिडकीशी बसून आली. कंडक्टर मला म्हणाला, "पेशंट आहे काय बावा आत?" मी म्हणालो, "पेशंट बाजूले बसून आहे."

तू हसला नाहीस. त्या लेन्सवरचा एकही विनोद तुला कधी कळला नाही.

आता तो कूलरचा किस्सा. हे मी लिहून ठेवणार, कारण पुढं कुणी खरं मानणार नाही. मे महिन्यात आपल्या गावात कुत्रीसुद्धा नाल्यातून बाहेर येत नाहीत. आणि तू कुणाकडून तरी ऐकलंस की कूलरच्या ओल्या हवेनं लेन्सच्या आत बुरशी धरते. त्या दिवसापासून तुझ्या घरात कूलर बंद. कपाटात लेन्स, लेन्सपाशी बल्ब, बल्बला इन्व्हर्टर, आणि वहिनी ओला पंचा डोक्यावर घेऊन चुलीपुढं बसल्यासारख्या बसलेल्या. मी म्हणालो, "दिग्या, तिले फंगस लागली तर लागू दे, बायकोले ऊन लागून राह्यलं न बे." तू मला सिलिका जेलच्या पुड्या दाखवल्यास. तुझं गणित नेहमी पक्कं असायचं.

तुझ्या तिसऱ्याला सकाळी मी घरी गेलो तर वहिनींनी माळ्यावरचा कूलर स्वतः खाली ओढला होता. नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, पाणी भरलं, आणि कूलरचं तोंड थेट त्या कपाटाकडं केलं. मग त्याच्यापुढं बसल्या आणि तेव्हा कुठं रडल्या. मी बाहेर अंगणातच उभा राहिलो.

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तेरवीले फोटो लागंल याईचा. तुमीच पाहा."

मी म्हणालो, "त्यात काय, माझं तर रोजचंच काम आहे."

खरंच रोजचं होतं. या तालुक्यात तेरवीला खुर्चीवर जेवढे फोटो ठेवले जातात त्यातले निम्मे माझे. लोक लग्नातला नाहीतर जत्रेतला गटाचा फोटो आणतात, बोट ठेवून सांगतात, हा आमचा बाप. मी त्या बापाला बाजूच्या जावयापासून कापून वेगळा करतो, खांद्यावर राहिलेला कुणाचा तरी हात पुसतो, कोट घालतो, मागं निळं आकाश लावतो. सरळ एकट्याचा, निळ्या पडद्यापुढं बसलेला फोटो आपल्याकडं जिता माणूस काढू देत नाही. सिंगल काढला की बोलावणं येतं, असं म्हणतात. म्हातारे पासपोर्ट फोटोलाही नातवाला मांडीवर घेऊन बसायला बघतात. तू या सगळ्याला हसायचास. म्हणायचास, "सुऱ्या, तू माणूस मेल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहतं. मी जित्या जनावराकडे पाहतो."

तर मी तुझं तोंड शोधायला बसलो. आणि दिग्या, तुला तोंडच नव्हतं.

शाळेचे वर्षावर्षांचे गट-फोटो आहेत, पण ते सगळे तूच काढलेले. लग्नसमारंभात तू कायम कॅमेऱ्यामागं. मोबाईल तू बटणांचा वापरायचास, मोबाईलनं फोटो काढणाऱ्यांना तू कोंबड्या म्हणायचास. पोरीनं पुण्याहून तिच्या फोनमधले होते नव्हते ते सगळे पाठवले. प्रत्येकात तुझा हात आहे. पंजा पुढं केलेला, 'ठेव तो डब्बा' म्हणत असलेला. आधार कार्डावरचा चेहरा पोलीस शोधत असावेत असा. तुझ्या लग्नाचा अल्बम मीच काढला होता, तो माझा पहिला मोठा अल्बम. तो घेऊन गेलो तर वहिनींनी एकेक पान बघितलं आणि मिटून ठेवला. म्हणाल्या, "हे पोरगं कोण आहे भाऊजी? मले माझ्यासंगं म्हातारा झालेला माणूस पाह्यजे."

मी विचारलं, तुमचा दोघांचा अलीकडचा एखादा? तेव्हा त्यांनी मला ती रस्त्याची गोष्ट सांगितली. तू मला ती कधी सांगितली नव्हतीस, आणि का नाही ते मला चांगलं कळतं. लेन्स नवी आली तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, एवढी आणली तर पहिला फोटो माझा काढा. तू खुश झालास. पण ती तोफ वीस फुटांच्या आतलं काही बघूच शकत नव्हती. वीस फुटांच्या आत सगळा धूर.

"मंग मले म्हणे, अंगणात जाय," वहिनी सांगत होत्या. "अंगणात गेली त म्हणे अजून मांगं. मंग फाटकाच्या भाईर. मंग रस्ता ओलांड म्हणे. मी जरीची साडी नेसून समोरच्या पराटीच्या वावरात उभी, अन् हे घरातून वरडून राह्यले, हास, हास. शेजारी पाजारी भाईर आले, त्याईले वाटलं आमचं भांडण झालं. अन् मी हासली, तेवढ्यात कापसाचा ट्रक आडवा गेला."

मी विचारलं, मग दुसरा नाही काढला?

"म्हणे, उजेड गेला."

त्या हे सांगताना हसत होत्या. मला मात्र तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तुझी कॉलर धरली असती. बायको वीस फुटांच्या आत राहत होती म्हणून तिचा फोटो नाही. तुझं घरच मुळी अठरा फूट रुंद.

मग ते बिस्किटांचे डबे. तू सगळ्या हार्ड डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचास, प्रत्येकीवर गणिताच्या वहीसारखं लेबल. मी दुकान बंद ठेवून चार दिवस ते वाघ बघितले. चार दिवस, दिग्या! वाघ झोपलेला. तोच वाघ, तसाच झोपलेला, तीनशे वेळा. वाघाचा कान. गवत, ज्याच्यामागं वाघ असावा. वाघाची पाठ, पुन्हा पाठ, जाणारी शेपटी. लोक म्हणत सरांना वाघ वळखतात. ओळखत असतील, म्हणूनच पाठ फिरवत असतील. पंधरा वर्षांत तुझा एक फोटो एका कॅलेंडरवर आला, जुलैच्या पानावर, आणि मग तुझ्या घरी वर्षभर जुलैच चालू होता. वहिनी दुधाचा हिशेब पंचांग बघून करायच्या.

आणि ती उशी! लेन्स टेकवायला तू कापडी पिशवीत घरची तूरडाळ भरून न्यायचास. एकदा वहिनींनी त्याच तुरीचं वरण केलं आणि तू ताटावरून उठलास, कारण आता पिशवीचं वजन बदललं. मी त्या दिवशी तुझ्याकडं जेवायला होतो. मी दोनदा वरण वाढून घेतलं, मुद्दाम.

आपलं खरं भांडण मात्र यावर नव्हतं. रोज दुपारी चारला तू शाळेतून माझ्या दुकानापुढं यायचास, दोन चहा यायचे, आणि एकच विषय निघायचा. मी म्हणायचो, फोटो काढायचा तर माणसाच्या जवळ जावं लागते, त्याच्याशी बोलावं लागते, त्याची हनुवटी हातानं उचलावी लागते. तू म्हणायचास, "जवळ गेलं की माणूस तोंड बनवते बे. दुरून पाह्य. त्याले माहीत नसलं पाह्यजे. तवाच तो खरा दिसते." मी म्हणायचो, हे चोरांचं तत्त्वज्ञान आहे. तू म्हणायचास, तुझं न्हाव्याचं आहे. निकाल कधी लागला नाही. एका माणसाचं म्हणणं दुसऱ्याला पटलं असतं तर चारचा चहा बंद पडला असता, हेही असेल.

त्या चहाला तू एकदाच उशीर केलास. गेल्या थंडीत. पुरता एक तास. माझा चहा पिऊन झाला, तुझा मी बशीनं झाकून ठेवला, त्यावर साय धरली. तू आलास तो घामाघूम, भर थंडीत शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणालास, पंक्चर झाली. मी तुला तोंडाला येईल ते बोललो, कारण नागपूरच्या हार्टच्या डॉक्टरांनी तुला काहीही जड उचलू नको म्हणून बजावलं होतं आणि तू सायकलसारखी गाडी ढकलत आलास असं मला वाटलं. तू ते सगळं ऐकून घेतलंस, गार चहा सायीसकट प्यालास, आणि हसत होतास. मला वाटलं, निर्लज्ज आहे.

आता मी ते सांगतो जे मी वहिनींनाही सांगितलेलं नाही.

त्या उशिराच्या आठ दिवस आधीची गोष्ट. तू चारच्या आधीच आलास, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तू सरळ आत गेलास आणि निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसलास. आरशात बघून भांग पाडलास, वरचं बटण लावलंस. म्हणालास, "काढ एक सिंगल."

मी म्हणालो, "कायले?"

तू म्हणालास, "कायले म्हणजे? तुले माहीत नाई? डॉक्टरनं सांगतलं न. काढून ठेव एक चांगला. मंग तू मले कोणाच्या तरी लग्नातून कापशीन, अन् कोणाचा तरी कोट घालशीन."

तू इतका सरळ बसला होतास. शाळेतल्या पोरासारखे हात गुडघ्यांवर. मी कॅमेरा उचललासुद्धा. वीस फूट नाही, तू माझ्यापासून चार फुटांवर होतास, आणि मला तुझा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. गालफडं बसलेली. डोळ्यांखाली काळं. मी कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणालो, "आधी तो तोफखाना विक. वहिनीले घर बांधून दे. मंग ये, फुकट काढतो."

तू म्हणालास, "तुह्यापासून नाई काढला तर कोणापासून काढू बे?"

मी म्हणालो, "वाघापासून."

तू उठलास, बटण काढलंस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी चारला हजर. ती गोष्ट तू पुन्हा काढली नाहीस, मीही नाही. लोकांना वाटेल मी लेन्सच्या रागानं नकार दिला. मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे मी घाबरलो, दिग्या. मी आयुष्यभर ज्या समजुतीवर धंदा केला आणि मनात हसलो, तीच समजूत माझ्या हातात आली आणि हात चालेना. सिंगल काढला की बोलावणं येतं. मी नाही काढला, तरी आलं. एक बटण दाबायचं होतं, त्यावर माझं पोट आहे, आणि नेमकं तुझ्या वेळी मी ते दाबलं नाही. तुझ्या तेरवीला तोंड नसण्याचं कारण तुझी लेन्स नाही. मी आहे.

बाराव्या दिवशी मी हात टेकले. आधार कार्डाचा चेहरा मोठा करून, त्याला कोट घालून, आकाश लावून नेला. वहिनींनी बघितला आणि परत दिला. मग लतीफभाईनं आपल्या मोबाईलमधला एक फोटो दाखवला. जिप्सीत मागच्या सीटवर तू, समोर रोखलेली लेन्स, आणि लेन्सच्या मागं काहीच नाही. कपाळाचा एक तुकडा, एक कान, आणि दोन्ही हात. तोंडाच्या जागी ते पांढरं धूड.

लतीफभाई ओशाळून म्हणाला, "यात सरांचा चेहरा नाही आला."

वहिनी म्हणाल्या, "हाच लावा."

मी म्हणालो, "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतीन? मी पंधरा वर्षं हेच तोंड पाह्यलं. तुमीबी हेच पाह्यलं. हाच लावा, अन् मांगं ते आभाळ लावू नका."

तर काल खुर्चीवर तो फोटो होता. हार घालायची वेळ आली तेव्हा तुझा गळा कुठं आहे ते कुणाला कळेना. शेवटी हार लेन्सलाच पडला. चिखलाच्या रंगाच्या कपड्यांतले लोक रांगेनं आले, हात जोडले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी दिसलं. तो टॉर्चवाला डॉक्टर तर हुंदका देऊन रडला. माझी मात्र मान वर होत नव्हती. जेवणं झाल्यावर वहिनींनी डॉक्टरला बाजूला बोलावून सांगितलं, लेन्स घेऊन जा, पण आत्ताच घेऊन जा, मले ते कपाट कपड्याले पाह्यजे. पेटी मागितलीत तर गहू काढून देईन. तो लगेच हो म्हणाला. पाहुणा काल संध्याकाळी नागपूरला गेला. पुढच्या सीटवर बसून, पट्टा लावून. मी बघितलं.

आज सकाळी डबे परत करायचे म्हणून डिस्क भरत होतो. शेवटच्या डिस्कवर लेबल नव्हतं, ती मी वगळली होती. तू लेबल लावायचा विसरणार नाहीस हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. लावली. आत एकच फोल्डर. नाव, 'सुऱ्या हार'.

आधी मला वाटलं, 'हार मान' म्हणून तू मेल्यावरही मला डिवचतोयस.

दोनशे फोटो आहेत, आणि त्यांत एकही वाघ नाही. मी आहे. माझं दुकान, दुकानापुढचा बाक, आणि बाकावर मी. स्टँडपलीकडच्या लॉजच्या गच्चीवरून घेतलेले. तारीख त्याच दिवसाची, तू तासभर उशिरा आलास त्या. वेळ चार ते पाच. तीन मजले, लिफ्ट नाही, पाच किलोचं धूड, आणि डॉक्टरनं उचलू नको म्हटलेलं. पंक्चर म्हणे. हरामखोरा, पंक्चर!

मी नाही म्हणालो म्हणून तू चिडला नाहीस. तू हिशेब उलटा मांडलास. हा मयताचा फोटोग्राफर मेल्यावर याचा हार घालायचा फोटो कुठून येणार, याचा तर कुठल्याच लग्नात कुणी काढलेला नाही. आणि तू तो वरून काढलास, कारण खाली, चार फुटांवर, मी तोंड बनवलं असतं. मी बनवलंच असतं.

मी माझा चेहरा रोज आरशात बघतो आणि गिऱ्हाइकांसाठी तो कसा करायचा ते मला पाठ आहे. हा तो नाही. पहिल्या फोटोंत मी जांभई देतोय, नाक खाजवतोय. मग चहा येतो. मग मी घड्याळ बघतो. मग रस्त्याकडं बघतो. पुन्हा घड्याळ. एकेक फोटो पुढं जाताना मी चिडत जातो, आणि मग चिडणं उतरून काळजी येते, तीही स्वच्छ दिसते. तू ती गच्चीवरून बघत होतास आणि खाली आला नाहीस, बटण दाबत राहिलास. पापणीचा केस न् केस दिसतो. तुझा एकही वाघ इतका धड आलेला नाही.

तू जिंकलास. दुरून माणूस खरा दिसते. घे.

एकशे चौऱ्याऐंशी नंबरचा मी छापून काढला आहे. कोट घातला नाही, आकाश लावलं नाही. मागं दुकानाचं अर्धं शटर आणि पासपोर्ट फोटोचा बोर्ड आहे तो राहू दिला. फ्रेम करून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि बायकोला दाखवून ठेवलं, माझ्या वेळी शोधाशोध करू नका. ती म्हणाली, असलं आधीच काढून ठेवू नये. मी म्हणालो, मी नाही काढलेला.

मग ती बराच वेळ फोटो बघत राहिली. त्यात मी बाकावर बसलोय, एका हातात रिकामा ग्लास, शेजारी बशीनं झाकलेला दुसरा, आणि मान वळवून शाळेच्या रस्त्याकडं डोळे लावलेत. ती म्हणाली, "कोणाची वाट पाहून राह्यले हो तुमी?"

लोक तेरवीला हेच विचारतील. तिला सांगून ठेवलंय काय सांगायचं. चार वाजून गेले, दिग्या यायचा आहे.